आबासाहेबांचे बूट आणि पाच मंजूर हेतू

१९७४ साली सोलापुरातल्या एका कॉलेजात बी.ए.च्या सकाळच्या वर्गाला एक अभिजात रशियन कादंबरी नेमण्यात आली. पानं सहाशे बावीस. ती कोणी वाचावी अशी तरतूद अभ्यासक्रमात नव्हती. पात्राचा स्वभाव आणि हेतू यांवर एक निबंध लिहायचा, प्राध्यापक हत्तुरे सरांनी तो मंजूर केला की परीक्षेचा अर्ज पुढं जायचा, एवढंच.

ही पद्धत वच्छलाबाईंना कोणी समजावून सांगितली नाही. त्या मुलींच्या शाळेत तात्पुरत्या शिक्षिका होत्या, आणि जूनच्या आत बी.ए. झाल्या नाहीत तर ते तात्पुरतेपणही संपणार होतं. ग्रंथ वाचायची त्यांना एकच रीत ठाऊक होती. संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला की हातपाय धुवायचे, समई लावायची, पाटावर पुस्तक ठेवून एक अध्याय मोठ्यानं वाचायचा. मध्ये उठायचं नाही. मोठ्यानं म्हटल्यावर शेजारणी आल्याच.

पहिल्याच दिवशी तानाबाई नायकाच्या नावाशी अडली. ही माळशिरसकडच्या मेंढपाळ घरातली, नवरा गिरणीत लागला म्हणून शहरात आलेली.

"आवो बाई, ह्येचं नाव घेस्तवर माझी भाकरी करपंल. आबासाहेब म्हना की!"

तेव्हापासून तो रशियन सरदार आबासाहेब झाला आणि त्याची बायको बजाबाई. नावं सुटसुटीत झाल्यावर बर्फातला संसार झपाझप पुढं सरकला.

एक्केचाळिसाव्या अध्यायात आबासाहेब स्टेशनवर उतरतो, जन्मभर आपला दुस्वास करणाऱ्या हमालाला पायांतले लोकरीचे बूट देऊन टाकतो आणि बर्फातून अनवाणी घरी जातो. शेजारच्या कस्तुराबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "देवमाणूस गं!"

"कशाचा देवमानूस?" तानाबाई म्हणाली. "घराला मागनं जवळची वाट हाय, परवाच्या अध्यायात तुमीच वाचलं न्हवं? मग ह्यो बाजारातनं का गेला? समद्यांनी इचारावं, आबासाहेब, बूट कुटं हायत? मग ह्येनं मान खाली घालून सांगावं, दिलं एका गरिबाला. त्यापायीच दिलं की!"

वच्छलाबाईंनी पुस्तक मिटलं. त्या दिवशी गुरुवार होता. दुपारच्या सुट्टीत त्या डबे खाणाऱ्या शिक्षिकांच्या अगदी मधोमध रिकाम्या हातांनी बसल्या होत्या, आणि कोणी विचारल्यावर "गुरुवार ना" हे अगदी हळू सांगितलं होतं. सगळ्यांना ऐकू जाईल इतकं हळू.

त्यांनी तोच हेतू निबंधात लिहिला.

"बाई, हा हेतू तक्त्यात नाही," हत्तुरे सर म्हणाले. रशियन पात्रांचे हेतू विभागानं १९६१ सालीच मंजूर केले होते. ते पाच होते: वर्गकलह, अपराधगंड, ईश्वरभक्ती, प्रेमभंग आणि हवामान.

"पण सर, एक्केचाळिसाव्या अध्यायात..."

सर खुर्चीत ताठ झाले. "तुम्ही कादंबरी वाचलीत?"

"हो."

"सगळी?"

"हो सर."

सरांनी उठून दार लावलं. "कोणी सांगितलं होतं?"

तीन प्राध्यापकांची चौकशी समिती नेमली गेली. विषय: 'नेमलेलं पुस्तक वाचण्यामागील विद्यार्थिनीचा हेतू'. "आवडली म्हणून वाचली," असं वच्छलाबाईंनी सांगितलं, पण हेही तक्त्यात नव्हतं. मग साक्षीला तानाबाईला बोलावलं.

"हे आबासाहेब कुठले?"

"रशियाकडचं."

"तुम्ही त्यांना पाहिलंय?"

"न्हाय. पर वळकते की. तसला एक तुमच्यातबी हाय."

समितीतल्या प्रत्येकानं उरलेल्या दोघांकडं पाहिलं. चौकशी तिथंच आटोपली.

अहवाल सौम्य होता. सहावा हेतू विद्यापीठाकडून मंजूर करून घ्यायला सहा वर्षं लागतील. तोवर विद्यार्थिनीनं पाचांपैकी एक निवडावा. अर्जाची मुदत शनिवारी संपत होती. वच्छलाबाईंनी मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली आणि लिहिलं, 'हवामान'.

"बघा, न वाचतासुद्धा सुचलं असतं!" हत्तुरे सर खूश झाले. वर त्यांनी पदरचे पाच गुण दिले. "हे कुणाला सांगू नका हं, बाई," असं ते म्हणाले, मधल्या सुट्टीत, भर व्हरांड्यात, लांबच्या बाकावरची मुलं वळून बघतील अशा आवाजात. मागच्या जिन्यानं गेले असते तर त्यांची खोली जवळ पडली असती. ते ग्रंथालयासमोरून गेले.

वच्छलाबाई बी.ए. झाल्या, कायम झाल्या. गुरुवारचं व्रत त्यांनी सोडलं नाही, पण जोडीला आणखी एक उपास धरला, कुणालाही न सांगता. तो कोणत्या वारी असतो हे फक्त तानाबाईला ठाऊक आहे. आणि कस्तुराबाईंना. आणि आता मला.

तुम्ही हसलात, हे बरंच झालं. फक्त हातातलं पुस्तक एकदा तपासा. समोरून येणाऱ्याला मुखपृष्ठ नीट दिसावं, असंच धरलंय ना? असू द्या. कोणी हेतू विचारलाच, तर हवामान सांगा.