महादेवीअक्कांचे जर-तर

आमच्या वरच्या मजल्यावरच्या महादेवीअक्का बाहेर जाताना दाराला कुलूप लावतात आणि कुलपात एक चिठ्ठी खोचतात. ‘गॅसवाला असल्यास सिलेंडर खाली सुमनकडे. सुमन नसल्यास जिन्यात. नातेवाईक असल्यास सहानंतर. चहा मिळेल, जेवण नाही.’ सुमन म्हणजे मी.

अक्कांनी सोलापुरात पालिकेच्या शाळेत गणित शिकवलं. निवृत्तीनंतर मोबाईलवर बुद्धिबळ धरलं, तेही गोगलगाईच्या चालीचं. एका खेळीला तीन दिवसांची मुदत. पोलंडचे एक आजोबा, चिलीची एक नर्स, असे बारा-तेरा डाव एका वेळी चालू. त्यात एक सोय असते. समोरचा अमुक खेळला तर माझ्याकडून तमुक, असं आधीच सांगून ठेवायचं. त्याची खेळी आली की ॲप आपलं उत्तर तिथल्या तिथं देऊन टाकतं. अक्कांचा स्वभाव बघूनच कुणी ही सोय केली असावी. “उत्तर घालून ठेवलंय की,” म्हणत त्या निवांत भाकरी थापायला बसतात.

माझ्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते, तेव्हा अक्का आदल्या दिवशी वही घेऊन हजर. स्वयंपाकाचं विचारलं तर हे म्हणायचं, नोकरीचं विचारलं तर ते. अकरा प्रश्नांची उत्तरं तयार होती. पाहुण्यांनी फक्त शेंगाचटणी कशी केली तेवढंच विचारलं. ते वहीत नव्हतं. पुढे आठवडाभर अक्का माझ्याशी जरा तुटक वागल्या, जणू मी ती चटणी मुद्दाम वाढली होती.

गेल्या महिन्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आठ दिवस मोबाईल बघायचा नव्हता. त्यांनी आधीच सगळ्या डावांत उत्तरं घालून ठेवली होती. पोलंडच्या आजोबांना तर पुढच्या नऊ खेळ्यांपर्यंत.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मला वर बोलावलं. काळा चष्मा लावून त्या कॉटवर बसल्या होत्या. फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, एक डाव राहिलाय, तेवढा मी सांगते तसा चालव.

समोर खेळत होता रेवण, त्यांचा कुंभारी गावचा धाकटा भाऊ. अक्का त्याला तम्मा म्हणतात. आईच्या आजारपणात कुणी किती केलं, यावरून दोघांचं वाजलं, त्याला बारा वर्षं झाली. येणं-जाणं नाही, फोन नाही. हे मला माहीत होतं. डाव चालू आहे हे माहीत नव्हतं.

थोडंफार बुद्धिबळ मला अक्कांनीच शिकवलंय. पट बघितला तर वजीर एक घर सरकवला की रेवणवर मात होती. मी तसं सांगितलं.

“दिसतंय मला,” अक्का चष्म्याआडून म्हणाल्या आणि मला हत्ती एक घर डावीकडे न्यायला लावला. तिथं तो फुकट मारला जाणार होता. मी तेही सांगितलं.



“डाव संपला की नवा मागाय लागतो, सुमन. तम्मा मागायचा न्हाय. आन् मी बी मागायची न्हाय, मला मी ठावं हाय.”

मग बाकीच्या डावांसारखं ह्याचंही उत्तर आधी घालून ठेवायचं होतं, असं मी म्हटलं.

“आलं की लगीच गेलं, तर त्येला कळंल की. मी पटाम्होरं बसलेच न्हवते म्हणून.”

मी हत्ती सरकवला.

रेवणची खेळी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आली, मुदत संपायला तासभर उरला असताना. मी फोन बघितला. त्यानं हत्ती मारला नव्हता. कडेचं एक प्यादं उगीच पुढे केलं होतं, आणि राजा एका खेळीत मात होईल अशा जागी तसाच राहू दिला होता.

अक्कांनी ते मला दोनदा सांगायला लावलं. मग त्यांनी चष्मा काढला.

डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी कापूस शोधायला आत गेले आणि जरा वेळ लावूनच बाहेर आले.