ड्रायरच्या पाइपातली घोरपड

“एक पाइप तर साफ करायचाय, अम्मी. दुपारच्या चहाच्या आत मशीन चालू करून देते,” असं तस्नीमने जाहीर केलं आणि ओढणी कमरेला खोचली.

आता तस्नीम पुण्यातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल. तिने आयुष्यात जे जे केलं ते आधी वाचून केलं. पोहणंसुद्धा ती पुस्तकातून शिकली होती, आणि म्हणून रत्नागिरीत, मिरकरवाड्याच्या चढावर, समुद्र दिसणाऱ्या घरात वाढूनही तिला पोहता येत नव्हतं. मशीनबरोबर आलेलं माहितीपुस्तक तिने आदल्या रात्री इंग्रजीतून वाचलं होतं. अरबी पानांवरची चित्रंही बघितली होती. तयारीत कसर नव्हती.

मशीन म्हणजे कपडे वाळवायचा ड्रायर. तस्नीमचे अब्बा, मुसा होडेकर, मस्कतची नोकरी संपवून कायमचे घरी आले तेव्हा बोटीच्या सामानातून तो घेऊन आले. पावसाळ्यात रत्नागिरीत कपडे वाळत नाहीत, ते फक्त जागा बदलतात. दोरीवरून खुर्चीवर, खुर्चीवरून चुलीजवळ. त्यामुळे ड्रायर आला तेव्हा अख्खी आळी बघायला आली. अब्बा सगळ्यांना चहा देऊन मशीनच्या काचेसमोर बसवत. आत चादर गरगर फिरे आणि अब्बा, स्वतःच फिरत असल्यासारखे, घामाघूम होऊन समजावून सांगत.

मशीनची गरम हवा भिंतीतून बाहेर सोडायची असते. पण ती हवा अम्मीच्या मिरवेलीवर जायला लागली तेव्हा अम्मीने वेल आणि मशीन यांतलं एक काहीतरी निवडा, असं सांगितलं. अब्बांनी दोन्ही ठेवलं. चिऱ्याच्या भिंतीबाहेर जाडा प्लास्टिकचा पाइप जोडला, तो मागच्या पडवीच्या छपराखालून नेला, दोन वळणं दिली आणि पार माडाजवळ आणून सोडला. असा पाइप माहितीपुस्तकात कुठल्याच भाषेत नव्हता. दरवर्षी पावसाच्या आधी तो अब्बा स्वतःच साफ करत. “तुंबलेल्या पाइपावर मशीन लावलंत तर आग लागेल,” एवढंच ते घरच्यांना सांगत.

या वर्षी मार्चमध्ये अब्बा गेले. पाइप तसाच राहिला. अम्मीने मशीन लावलं नाही आणि कुणाला त्याला हातही लावू दिला नाही.

“राहू दे गो,” ती आत्ताही म्हणाली. “चुलीवर वाळतात कपडे.”

“तुझ्या ओढणीला बांगड्याचा वास येतोय, अम्मी.”

“मग? बांगडा काय परका आहे?”

पण तस्नीम ऐकणार नव्हती. आईसाठी दुसरं काही करता येत नव्हतं. निदान कोरडे कपडे तरी देता येतील.

अडचण एकच होती. अम्मी इद्दतीत होती. नवरा गेल्यावर बाई ठरलेला काळ घरात काढते. उंबरठा ओलांडत नाही, परका पुरुष समोर येत नाही. म्हणजे मेकॅनिक आत येणार नाही. तेव्हा बाबल्याला पाइपाच्या बाहेरच्या तोंडाशी उभं करायचं आणि आतली बाजू तस्नीमने सांभाळायची, असं ठरलं. बाबल्या मिरकरवाड्याला ट्रॉलरांची इंजिनं दुरुस्त करायचा. त्याने ड्रायर कधी हाताळला नव्हता, पण त्याने त्याचं काही अडत नसे.

“बाय, काय काळजी नको,” पाइपातून त्याचा आवाज आला. खुद्द मशीनच बोलतंय असं वाटत होतं. “हवा जाता म्हणजे झाला एक्झॉस्टच. मी बाहेरून लांब तार घालतंय. ती आत आली की तिला फडकं बांध. मी खेचतंय. तोफ पुसतात ना, तसा पाइप पुसायचा.”

“तू तोफ कधी पुसलीस?”

“पाइप तरी कधी पुसलाय?”

मेन स्विच बंद केला होता, मशीन पुढे सरकवून भिंतीतलं पाइपाचं तोंड मोकळं केलं होतं, खोलीत अंधार. अम्मी आतल्या खोलीत नमाजाला उभी. तार घरघरत आत आली. तस्नीमने फडकं शोधलं. मशीनच्या पोटात हात घातला तर चौकड्याचं एक जुनं कापड घडी करून ठेवलेलं. होडेकरांच्या घरात जुन्या लुंग्यांचीच फडकी होत. तिने घडी मोडली, एक टोक तारेला करकचून बांधलं आणि पाइपात तोंड घालून ओरडली, “खेच.”

कापड सरसर आत गेलं. पहिल्या वळणावर अडकलं. हातभर टोक बाहेर राहिलं.

अम्मी नमाज आटोपून आली. तिने सवयीने मशीनचं दार उघडलं, आत हात फिरवला आणि तशीच थांबली.

“तस्नीम, ह्यात होती ती लुंगी?”

“ते फडकं होय? ते…”

अम्मीच्या चेहऱ्याकडे बघून तिला कळलं. अब्बांच्या अंगावरची शेवटची लुंगी. न धुतलेली. पावसात कपाटात बुरशी येते, म्हणून घरातल्या सगळ्यात कोरड्या जागी जपून ठेवलेली. मशीनला कुणी हात का लावायचा नाही, तेही कळलं.

तस्नीम पाइपाशी झेपावली. “बाबल्या, थांब! सोड ते!”

पण पाइपाला आता बूच बसलं होतं. आवाज लुंगीत शिरला आणि तिथेच राहिला. बाहेरून झटका आला, हातभर टोक वीतभर झालं. अम्मीने ते दोन्ही हातांनी पकडलं, पाय भिंतीला लावले आणि ओढलं.

बाहेर बाबल्याचा हात तारेसकट पाइपाकडे गेला. तो चकित झाला. त्याने पुन्हा खेचलं. आतून पुन्हा हिसका. त्याने क्षणभर विचार केला आणि ओळखलं.

“शालनबाई,” तो शेजारच्या मास्तरीणबाईंना म्हणाला, त्या आपल्या पडवीतून हे सगळं बघत होत्या, “पाइपात घोरपड हाय. चिकटलीय. घोरपड एकदा चिकटली की सोडत नाय.”

शालनबाई छत्री आणि केरसुणी घेऊन आल्या. रस्त्याने जाणारे दोघे खलाशीही आले. घोरपड म्हटल्यावर कोण थांबत नाही? चौघांनी तार धरली आणि किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढावं तशी तालात ओढायला सुरुवात केली. छपराखालचा पाइप वाकला.

“फाटेल गो,” अम्मी म्हणाली. आवाजात ओरड नव्हती. “तू जा, सांग त्याला. मी धरते.”

तस्नीम अनवाणी पावसात धावली. घराला वळसा घालताना अळवात घसरली, उठली, आणि माडाशी पोचली तेव्हा बाबल्या तिलाच म्हणाला, “लांब उभी ऱ्हा, बाय. शेपटी मारील.”

तिला दम लागला होता, शब्द फुटेना. ती नुसती मान हलवत राहिली. त्यांना वाटलं, घाबरली.

तेवढ्यात खिडकीच्या पडद्याआडून आवाज आला.

“बाबल्या! सोड!”

मार्चपासून या घरातून अम्मीचा आवाज बाहेर आला नव्हता. पण अब्बा मिरवेलीजवळ शिडी लावायचे तेव्हा यायचा तो हाच, आणि आळीत तो सगळ्यांच्या ओळखीचा होता. चौघांनी एकदम सोडलं. शालनबाईंची केरसुणीसुद्धा खाली पडली.

“चाची हायत,” बाबल्या हळूच म्हणाला आणि उगाच डोक्यावरचा रुमाल सारखा केला.

आत काहीतरी धपकन पडलं.

तस्नीम धावत आत आली. अम्मी ओल्या कपड्यांच्या ढिगावर बसली होती. लुंगी मांडीवर, तार गळ्याभोवती, आणि पाइपातली वर्षाची साठलेली लव, कपड्यांची झडलेली राखी-निळी मऊ लव, केसांवर, भुवयांवर, सगळीकडे. पिंजाऱ्याच्या दुकानात वारा शिरावा तशी. ती हसत होती. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग नुसतं पाणीच राहिलं. तस्नीम तिच्याजवळ ढिगावर बसली.

लुंगी फाटली नव्हती. पण ती अशी माखली होती की झटकून भागणार नव्हतं.

“अम्मी, आता धुवावी लागेल. वास जाईल.”

अम्मीने लुंगी नाकाशी नेली. “तो कधीच गेला गो. रोज दार उघडून बघायची. तुला सांगितलं असतं तर तू रडली असतीस.”

तिने लुंगी स्वतः धुतली. पाइप आता आरपार मोकळा होता. बाबल्याने बाहेरून त्यात बॅटरी मारून घोरपड नसल्याची पुन्हा खात्री केली. मेन स्विच लावला. काचेमागे लुंगी एकटीच फिरू लागली आणि दोघी समोर पाहुण्यांसारख्या बसल्या. चहा मात्र राहिला.

मशीन थांबल्यावर अम्मीने लुंगी बाहेर काढली आणि घडी न करता मांडीवर धरून ठेवली. “गरम आहे,” ती म्हणाली. “आत्ता अंगावरून सोडून ठेवल्यासारखी.”

पुण्याला निघायच्या दिवशी अम्मीला तस्नीमच्या पर्समध्ये रुमालाची पुरचुंडी सापडली. आत लवेचा राखी-निळा बोळा.

“शी! हा कचरा कशाला?”

“राहू दे. अब्बांच्या कपड्यांचा आहे.”

“कोण म्हणालं? तुझ्या अब्बांनी स्वतःचा एक कपडा त्या मशीनमध्ये घातला नाही. चिंध्या होतात म्हणायचे. लुंगी पंख्याखाली वाळवायचे, दार लावून. आळीला कळू नये म्हणून.” तिने बोळा बोटांत फिरवून बघितला. “हा पायपुसण्याचा आहे.”

तस्नीमने थोडा विचार केला. मग बोळा पुन्हा रुमालात बांधला आणि पर्समध्ये ठेवला. त्या पायपुसण्यावर पाय तर अब्बांनीच पुसले होते.