शनिवारी जमत नाही

वेंकोबारावांनी आजवर निदान तीन हजार सहली आखल्या असतील. एकाही सहलीला ते गेलेले नाहीत. सहाशे-सातशे निरोप-समारंभ, तितकेच वाढदिवस आणि आजारी सहकाऱ्याला इस्पितळात भेटायला जाण्याचे असंख्य बेतही त्यांच्या नावावर जमा आहेत. सगळे जर्मन भाषेत, चेन्नईजवळच्या आमच्या तांबरमच्या क्लासमधल्या कोपऱ्यातल्या टेबलाशी, सकाळी दहा ते एक.

हा वेडेपणा नाही, अभ्यासक्रम आहे. आमच्याकडे येणाऱ्या मुलांना जर्मनीत शिकायचं असतं. बारावी झालेल्या बहुतेकांना तिथलं विद्यापीठ एकदम आत घेत नाही. आधी तिथल्या पूर्वतयारीच्या कॉलेजात एक वर्ष काढायचं, त्या कॉलेजची प्रवेशपरीक्षा द्यायची, आणि त्या परीक्षेला बसण्यासाठी भाषेचा दाखला आणायचा. दाखल्याच्या तोंडी परीक्षेत दोन-दोन मुलांना समोरासमोर बसवतात आणि सांगतात, तुमचा सहकारी नोकरी सोडून चालला आहे, त्याला निरोप द्यायचा बेत ठरवा. कधी, कुठे, खायला काय, भेट काय, बोलवायचं कोणाला. इथे जोडीदार लागतो. वेंकोबाराव हे आमच्या क्लासचे कायमचे जोडीदार.

मी या क्लासची कचेरी सांभाळते. वर्ग लावणं, फॉर्म भरून घेणं, पालकांना शांत करणं. नवऱ्याच्या श्रीपेरुंबुदूरच्या नोकरीमुळे कोल्हापूरहून इथे आले त्याला वीस वर्षं झाली. वेंकोबारावांचं घराणं तंजावरचं, मराठी राज्याबरोबर आलेलं. माझं मराठी त्यांना वर्तमानपत्रातल्यासारखं वाटतं आणि त्यांचं मला जुन्या बखरीत कोणीतरी तमिळ हेल मिसळल्यासारखं. ते 'मला' म्हणत नाहीत, 'मज' म्हणतात. मुलं त्यांना 'तात्ता' म्हणतात, म्हणजे आजोबा. मी वेंकोबाराव म्हणते आणि ते मला अम्मा म्हणतात, जरी वयाने वडील तेच असले तरी.

ते आले अपघातानेच. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर पुतण्याच्या मुलाला स्कूटरवरून क्लासला सोडायचे आणि बाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसायचे. एक दिवस मुलाच्या जोडीदाराला कांजिण्या झाल्या. शिक्षिकेने यांच्या हातात एक कागद दिला. "तात्ता, नुसतं वाचा, समोर माणूस हवा." मुलगा पास होऊन गेला. तात्ता बाकावरून उठून टेबलाशी बसले ते बसलेच.

त्यामुळे त्यांना जर्मन फक्त बेत ठरवण्यापुरतं येतं. जर्मन वर्तमानपत्र पुढे ठेवलं तर बावचळतात. पण थाळ्या कोण आणणार, पाऊस आला तर काय आणि भेटवस्तूची वर्गणी कोण गोळा करणार, यावर ते कुठल्याही जर्मनाला घाम फोडतील. त्यांचं लाडकं वाक्य, "कल्पना बरी आहे, पण..." परीक्षेत समोरच्याच्या पहिल्याच सूचनेला होकार दिला तर संभाषण तिथेच संपतं. तेव्हा आधी मोडता घालायचा, मग आपला पर्याय द्यायचा. ही सवय त्यांच्या हाडात उतरली आहे. मी विचारते, "चहा मागवू?" ते म्हणतात, "कल्पना बरी आहे अम्मा, पण कॉफी घेतली तर?" कॉफी मागवली तर म्हणतात, "बरी कल्पना, पण दहा मिनिटांनी?"

या सवयीपायी एकदा पंचाईत झाली. श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यातला एक जर्मन इंजिनियर मुलांशी गप्पा मारायला आला होता. वेंकोबारावांनी पुढे होऊन हात मिळवला आणि त्यांना येतं तेच बोलले. "आपण कोवलमला समुद्रावर सहलीला गेलो तर?" कोवलम म्हणजे केरळातलं नव्हे, आमच्या चेन्नईजवळचं. इंजिनियर खूश. "उत्तम! शनिवारी? माझी गाडी आहे." इतक्या वर्षांत त्यांना कोणी एका दमात होकार दिला नव्हता. ते पांढरेफटक पडले आणि म्हणाले, "कल्पना बरी आहे, पण शनिवारी जमत नाही." पर्याय काही आला नाही. मग इंजिनियर समोशाकडे वळला.

"काय होतं शनिवारी?" मी नंतर विचारलं.

"काही नव्हतं," ते म्हणाले. "मज शनवारी कधीच काही नसतं."

पण त्यांचा उपयोग मी डोळ्यांनी पाहिला आहे. यामिनी नावाची मुलगी तोंडी परीक्षेत एकदा गप्प बसून नापास झाली होती. पूर्वतयारीच्या कॉलेजचा अर्ज बंद व्हायला महिना उरला होता. वेंकोबाराव तिच्यासमोर बसले आणि आजारी सहकाऱ्याला भेटायला जायचा बेत मांडू लागले. म्हणाले, सहकाऱ्याला मधुमेह आहे, तेव्हा हलवा नेऊ. यामिनी गप्प. सगळे मिळून तीस जण जाऊ. गप्प. सोबत ढोलवाले नेऊ, त्याला झोप येत नसेल. "नाही!" यामिनी जर्मनमध्ये ओरडली. "मुळीच नाही! तो आजारी आहे!" आणि मग त्याला काय न्यावं, किती जणांनी जावं, किती वेळ बसावं, हे तिने अकरा मिनिटं बजावून सांगितलं. वेंकोबाराव मान खाली घालून वहीत टिपून घेत होते. पुढच्या खेपेला ती पास झाली. तिकडे जाताना सगळ्यांना पेढे देऊन गेली. वेंकोबाराव त्या दिवशी दातांच्या डॉक्टरकडे होते.

यंदा आमच्या संचालकांनी नवं सॉफ्टवेअर घेतलं. ते माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहेत आणि त्यांना सगळं नवं आवडतं. मूल फोनशी बोलतं, फोन उत्तर देतो, चुका दाखवतो, गुण देतो. सोय चांगली आहे, मी नाकारणार नाही. संचालक म्हणाले, "मॅडम, तात्तांना आता विश्रांती द्या. छोटासा समारंभ करू, शाल घालू. तारीख तुम्हीच त्यांच्याशी बोलून ठरवा. तोवर येऊ देत त्यांना."

अशी कामं माझ्याकडेच येतात. एक वाजता मुलं गेल्यावर मी कोपऱ्यातल्या टेबलाशी गेले आणि आडपडदा न ठेवता सांगितलं.

वेंकोबारावांनी चष्मा पुसला. मग सवयीने खुर्ची परीक्षेत असते तशी तिरकी केली, वही उघडली आणि पाच मुद्दे लिहिले. कधी, कुठे, खायला काय, भेट काय, बोलवायचं कोणाला.

"सरी," ते म्हणाले, म्हणजे 'ठीक'. "सांगा अम्मा. कधी?"

"येत्या शनिवारी?"

मी त्यांच्या 'पण'ची वाट पाहत राहिले.

"जमेल," ते म्हणाले.

"कुठे? इथेच, वर्गात?"

"बरं आहे."

"इडली, केसरी शिरा आणि कॉफी?"

"बरं आहे."

"शाल."

"शाल बरी."

चार मुद्दे एका मिनिटात उरकले. परीक्षेत असं कोणी केलं असतं तर त्यांनीच त्याला धारेवर धरलं असतं. पाचव्या मुद्द्यावर त्यांनी पेन टेकवलं आणि ते तसंच राहिलं.

"बोलवायचं कोणाला?" मी विचारलं.

"क्लासची मुलं जर्मनीत गेली. पुतण्या बंगळूरला." ते म्हणाले. "परीक्षेत बरं असतं, अम्मा. 'सगळे सहकारी' म्हणायचं, पुढे जायचं. नावं कोण विचारतं?"

त्यांच्या नावावर माणसांनी भरलेल्या तीन हजार सहली होत्या आणि एका समारंभाला यादी होईना. मी डोळ्यांत पाणी आणणाऱ्यांतली नाही. घरी जायची वेळ झाली होती, कुकर लावायचा होता. पण तारीख ठरवण्याचं काम माझ्याकडे होतं, आणि ते काम कसं करतात हे मी इतकी वर्षं याच टेबलाशी पाहिलं होतं.

"कल्पना बरी आहे," मी म्हटलं, "पण शनिवारी मला जमत नाही."

त्यांनी वर पाहिलं.

"मग रविवारी?" ते जपून म्हणाले.

"रविवारी आमच्याकडे पाहुणे."

"बुधवारी?"

"बुधवारी पालक येतात. कचेरी कोण बघणार?"

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "सरी, मग खाण्याचंही पुन्हा बघू. केसरी फार गोड होते."

त्याला आता सात महिने झाले. संचालक अधूनमधून विचारतात, मी सांगते, चर्चा चालू आहे, दोघांचं एकमत व्हायला हवं. दरम्यान मुलं सॉफ्टवेअरशी बोलतात आणि मग तात्तांच्या टेबलाशी येऊन बसतात. काय सुचवलं तरी सॉफ्टवेअर म्हणतं, "उत्तम कल्पना!" त्याच्याशी भांडता येत नाही, अशी मुलांची तक्रार आहे. ती मी संचालकांना लेखी कळवली आहे.

गेल्या गुरुवारी आम्ही पुन्हा बसलो. त्यांनी शनिवार सुचवला. मी म्हटलं, शनिवारी कसं जमेल, माझी शिवणाची बाई यायची आहे. त्यांनी मान डोलावली, वहीत शनिवारवर काट मारली आणि पान उलटलं. नव्या पानावर त्यांनी काही लिहिलं नाही.

"अम्मा," ते म्हणाले, "तो जर्मन गेल्यापासून एक गोष्ट डोक्यात आहे. कोवलम इथून फार लांब नाही. बस जाते म्हणतात. मज जायचं आहे. तुम्हीही आलात, तुमचे यजमानही आले, तर... या शनवारी?"

शनिवारी मला जमत नाही, हे मी नुकतंच त्यांना सांगितलं होतं. माझं तोंड उघडलंसुद्धा. ते पेन हातात धरून वाट पाहत होते.

"बस किती वाजता आहे?" मी विचारलं.