गणपतआप्पांचा मुळा

देऊळघाटात लग्न असलं की आंतरपाटाजवळ एक मुळा हजर असायचा. धुतलेला, पाल्यासकट, गणपतआप्पांच्या हातात. मंगलाष्टकं सुरू होऊन नवरदेव आंतरपाटाकडे टक लावून उभा राहिला, की आप्पा मागून त्याच्या कानाशी मुळा धरायचे आणि हळूहळू पुढे सरकवायचे. "मान हालवू नको बे. मुळा दिसला की सांग." नवरदेव बिचारा "दिसला, दिसला!" म्हणून ओरडायचा, लोक त्याच गोंधळात अक्षता टाकून मोकळे व्हायचे आणि भटजी आप्पांचा उद्धार करायचे.

"याच्याहून बरी येळ कोनती?" आप्पा म्हणायचे. "जन्मात एकदाच मानूस सरळ समोर पाह्यते. उद्यापासून हायेच इकडं-तिकडं!"

आप्पा आमच्या गावचे माळी. विहिरीवर मोट, वाफ्यांत वांगी, मेथी, मुळे. त्यांच्याकडून भाजी घ्यायची तर आधी डोळ्यांची परीक्षा द्यावी लागे. गिऱ्हाईक कुरकुरलं की ठरलेलं वाक्य यायचं, "समोरचं कोनालेबी दिसते. बाजूचं सांग!" मयतीतही त्यांनी खांदेकऱ्यांना सोडलं नाही. एकदा नायब तहसीलदार पिकांची आणेवारी लावायला आले. आप्पांनी त्यांच्याही कानाशी मुळा नेला. पाटलाला घाम फुटला. साहेब हसून म्हणाले, "हो, दिसला."

"मंग साहेब, बाजूचं करपलेलं वावर काऊन नाही दिसत?"

त्या वर्षी आणेवारी काही बदलली नाही, पण गावाची करमणूक मात्र झाली.

मी गावच्या शाळेत मास्तर. एक दिवस पारावर मीच सापडलो. उजवीकडचा मुळा चटकन दिसला. डावीकडचा काही येईना. मी म्हटलं, "आणा की आप्पा." लोक हसायला लागले तेव्हा कळलं, मुळा केव्हाचा आलेला होता, पाला माझ्या गालाला लागण्याच्या बेतात होता.

तशी शंका यायला हवी होती. हल्ली दाराची डावी चौकट माझ्या खांद्याला लागायची, त्याचा दोष मी सुताराला देत होतो. कंदिलाभोवती रंगीत कडं दिसायचं, त्याचा दोष रॉकेलला. माझ्याकडे सगळ्याला कारण तयार होतं. तेव्हाही ऐटीत म्हणालो, "मोतीबिंदू असेल. पिकू द्या, मग काढू." आमच्या भागात हाच रिवाज. डोळ्यात काही झालं की ते पिकायची वाट पाहायची.

आप्पांनी मुळा मोडून फेकला. भाजीची काडी वाया न घालवणारा माणूस!

"उद्या सकाळी बैल जुंपून दमणी घेऊन येतो," ते म्हणाले. "बुलढान्याहून मोटर, मलकापुरातून रेल्वे. अकोल्याले डोळ्याचा डाक्टर हाय."

"आणि शाळा?"

"डोळे गेल्यावर कोनती शाळा बे?"

मास्तरला त्यांनी प्रथमच 'बे' म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी दमणीत बसलो.

डॉक्टरांनी पापण्यांवर बोटं दाबून पाहिली, दिवा धरून बराच वेळ आत पाहिलं. "काचबिंदू आहे," ते म्हणाले. "हा दुखत नाही, म्हणून कळत नाही. डाव्या डोळ्याची जी कड गेली ती परत येणार नाही. उरलेलं राखू. हा पिकायची वाट पाहिली असती तर दोन्ही डोळे गेले असते. औषध सोडू नका. घरच्यांचेही डोळे दाखवा, हा रक्ताच्या नात्यात असतो."

आता रोज थेंब टाकतो. टाकले की भुवई ठणकते आणि मी आप्पांना चार शिव्या हासडतो. पण फळ्यावरचं वाचतो, मुलं ओळखतो, नोकरी शाबूत आहे.

परतल्यावर पेढे घेऊन त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर त्यांच्या पत्नी सखूकाकू बोटांनी चाचपत मेथी निवडत होत्या. त्यांना दिसत नाही हे गावाला ठाऊक होतं. कशानं गेलं, ते आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

"इचंबी आदी बाजूचंच गेलं," आप्पा म्हणाले. "मी म्हनलं, मोतीबिंदू होय, पिकू दे. माळी मानूस मी, मास्तर. पिकायची वाट पाह्यनं तेवढं मले येते."

मी पेढ्याचा पुडा मेथीशेजारी ठेवला. आप्पा बोलत राहिले.

"शेवटी नाकासमोर वाटीएवढं उरलं होतं. त्यात माहं तोंड मावे. म्हनून मी इच्यासमोरच बसत जाय. मंग तेबी गेलं."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आप्पा माझ्याशी बोलत होते, पण मान माझ्याकडे वळवत नव्हते. ते काकूंच्या अगदी समोर, मांडी घालून, ताठ बसले होते. 

मेथी निवडणारे हात थांबले. "अवो," काकू म्हणाल्या, "समोरच बसले ना?"

"हाव," आप्पा म्हणाले, आणि आणखी थोडे पुढे सरकले.