हिराबाईच्या मळ्यातला खड्डा

परबकाका कुणाच्याही घरी गेले की पहिला प्रश्न ठरलेला, "शेण किती निघतं?" कांदिवलीच्या आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनाही त्यांनी एकदा हेच विचारलं. काकूंनी आणलेला चहा आत परत नेला.

काका आणि मी गोबरगॅसच्या सरकारी योजनेत कामाला. शेतकऱ्याला तयार करायचं आणि त्याची जमीन टाकीला चालेल का ते तपासायचं. चारकोपकडे तेव्हा भाजीचे मळे होते, म्हशी होत्या, तयार मात्र कुणी नव्हतं. "शेणाच्या गॅसवर देवाचा नैवेद्य?" म्हणत लोक दार लावून घ्यायचे. काका बाहेरूनच समजावत राहायचे, "अहो, पेटल्यावर वास येणा नाय."

तीन वर्षांनी एकटी हिराबाई हो म्हणाली. दोन म्हशी, खाडीलगत वांग्यांचा मळा आणि चुलीच्या धुराने कायम लाल डोळे. आमचे साहेब खूश झाले.

टाकीचा खड्डा छातीएवढा झाला आणि तळातून पाणी पाझरू लागलं. काका आत उतरले, बोट बुडवून चाटलं. "खारट."

"काका, वर या."

"थांब रे. किती चढता ता बघूंदे."

पाणी घोट्यावरून पोटरीवर आलं. काठाला भेग पडली. मी हात पुढे केला, पण ते टेपने पाणी मोजून वहीत लिहीत राहिले. मग एक बाजू आवाज न करता खाली बसली आणि काका कमरेपर्यंत चिखलात रुतले. वहीचा हात मात्र वरच. हिराबाईने म्हशीचं दावं फेकलं. आम्ही दोघांनी ओढलं. दोनदा दावं काकांच्या हातातून निसटलं. तिसऱ्यांदा काका काठावर आले, चपला आतच राहिल्या.

कचेरीत साहेब म्हणाले, "बाई तयार आहे ना? मग जमीन योग्य लिहा. नाहीतर बदलीला तयार राहा."

काकांनी 'अयोग्य' लिहून सही केली.

हिराबाईला सांगायला जाताना मात्र त्यांनी मला बरोबर नेलं. ती म्हणाली, "मी हो म्हनलं, आन् आता तुमीच नाय म्हनता?"

काका म्हणाले, "खाऱ्या पाण्याने टाकी फुटली तर तुझी विहीर नासेल, बाय."

पुढच्या रविवारी काका पत्रा घेऊन तिच्याकडे गेले. दिवसभर खपून चुलीवर धुराडं बसवलं, मी नुसता धरायला. संध्याकाळी धूर सरळ छपराबाहेर गेला. हिराबाईने भात आणि सुकटीचं कालवण वाढलं. काका एकटे राहायचे, रात्रीचं जेवण म्हणजे पाव आणि चहा. पान संपल्यावर ते खाली बघत म्हणाले, "थोडो भात आसा?"

कुणाकडे काही मागताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होतो.