नऊ नंबरची खुशाली

उरकुडाजी माणसाच्या तोंडाकडे कधी पाहत नसत. पोटाकडे पाहत, आणि तेही डाव्या बाजूला. मी कामावर रुजू झालो त्या दिवशी हा वाळक्या अंगाचा, मळक्या टोपीचा माणूस माझ्या सदऱ्याच्या तिसऱ्या बटणाशी बोलला, "साहेब, पोट मुकं हाय तुमचं. सकाळून काय खाल्लं?"

"चहा."

"तरीच," असं म्हणून ते कोकरांकडे वळले.

हिंगण्याच्या रस्त्याला तेव्हा बरंच माळरान होतं. तिथे आमचं मेंढ्यांचं केंद्र. सत्तरच्या दशकाची सुरुवात असेल. मी नवा संशोधन सहायक, उरकुडाजी कोकरांच्या गोठ्यावरचे परिचर. रोज सकाळी ते एकेका कोकराच्या डाव्या कुशीला कान लावून, डोळे मिटून बसत, जशा कोणी रेडिओवर बातम्या ऐकाव्यात. मग मला सांगत, "तीन नंबर गुरगुरून राहिली. पाच नंबर अजून बोलत नाही." एकदा त्यांनी आमच्या बडेबाबूंच्या पोटालाही कान लावला. "बडेबाबू, तुमच्या पोटात तं पंचायत बसली हाय!" बडेबाबू फाईल उगारून धावले. दुपारी मात्र हळूच गोठ्याशी येऊन विचारून गेले, "काहो, त्या पंचायतीचा निकाल काय लागला?"

माझा प्रयोग साधा होता. मेंढीच्या पोटात डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव असतात. चारा तेच पचवतात. कोकरू जन्मतं तेव्हा ते पोट कोरं असतं. आई चाटते, तिची लाळ लागते, तसे ते जीव पोटात शिरतात. ते शिरलेच नाहीत तर काय होईल, हे मला पाहायचं होतं. म्हणून दहा कोकरं जन्मताच आयांपासून तोडून सिमेंटच्या गोठ्यात बाटलीच्या दुधावर ठेवली होती. मोठ्या मेंढीचा वाराही त्यांना लागता कामा नये, असा माझा हुकूम. या प्रयोगावर माझी पदवी, आणि पदवीवर कायमची नोकरी.

उरकुडाजींना हे सगळं माझ्याआधी ठाऊक होतं, फक्त त्यांच्या शब्दांत. "दूध तं पाजून राहिले तुम्ही साहेब, पन विरजण कुठं हाय?" स्वतःचा दाखला देत. आधीची तीन भावंडं गेली म्हणून आईनं त्यांना जन्मताच उकिरड्यावर ठेवून उचललं होतं. तिकडे उकिरड्याला उरकुडा म्हणतात, नावही त्यावरूनच पडलं. "मले उकिरड्याचं विरजण लागलं," ते म्हणत, "म्हून टिकलो."

कोकरांना चारा सुरू केला आणि ती आजारी पडू लागली. पोटं फुगली, शेपट्या हगवणीनं माखल्या. उरकुडाजी जाळीपाशी येऊन उभे राहिले. पलीकडच्या वाड्यात एक म्हातारी मेंढी रवंथ करत होती. "एक घास, साहेब. त्या बुढीच्या तोंडातला चघळलेला घास. एकेकाले एवढूसा."

"उरकुडाजी, प्रयोग बिघडेल."

"आन् लेकरं?"

मी गोठ्याला कुलूप लावलं. किल्ली खिशात ठेवली.

चार दिवसांनी नऊ नंबरच्या पोटातला रस सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर तिथे जीवांची झुंबड. उरकुडाजींना बोलावलं. जाळीतून हात घालून एका कोकरालाच घास देता आला, हे त्यांनी लगेच कबूल केलं. लाज नाही, भीती नाही. "दाखवा ना," म्हणाले. एक डोळा मिटून कितीतरी वेळ भिंगाला चिकटून राहिले. "अरे बापा! जत्रा भरली हाय!" आणि धावत जाळीपाशी जाऊन नऊ नंबरला सांगू लागले, "तुह्या पोटात जत्रा हाय वं माय!"

मी हसायला हवं होतं. मी माझ्या तक्त्याचा विचार करत होतो.

पुढच्या आठवड्यात चार कोकरं मेली. उरलेली खंगली. नऊ नंबर तेवढी उड्या मारत होती. वरून खुलासा मागवला गेला. मी लिहिलं: परिचरानं आदेश मोडून कोकरांच्या तोंडात घाणेरडा चोथा कोंबला, त्यामुळे रोग पसरला. ज्या एकीला तो घास मिळाला होता तीच जगली, हे लिहिलं नाही. नऊ नंबरची ओळ तक्त्यातूनच काढून टाकली.

खाली उरकुडाजींची निशाणी हवी होती. मी शाईचा पॅड पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला, माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि एकेका ओळीखाली बोट फिरवत सगळा कागद वाचला.

"मले वाचता येते, साहेब."

मी पॅडचं झाकण बंद केलं.

"सही करतो. पन नऊ नंबरले चिरू नका." पोट आतून पाहण्यासाठी तिला कापायचं ठरलं होतं, ते त्यांच्या कानावर गेलं होतं.

"नाही चिरणार," मी म्हणालो.

त्यांनी सही केली. वळणदार, ठसठशीत. महिन्याभरात त्यांची नोकरी गेली.

पुढे ते हिंगण्यात एका कारखान्याच्या फाटकावर चौकीदार झाले. बसथांब्यावर भेट होई. पहिला प्रश्न ठरलेला: "नऊ नंबर कशी हाय?"

"मजेत."

एकदा थाप मारली की ती पोसावी लागते. पुढच्या वर्षी मी नऊ नंबरला व्यायला लावलं, जुळं झालं. मग तिचा पाय लचकला, मग बरा झाला. एका मेंढ्याशी तिचं पटेना. उरकुडाजी मन लावून ऐकत, वर सल्ला देत, "पावसाचं ओलं गवत नका देऊ, पोट फुगते." कधी फडक्यात बाभळीच्या शेंगा बांधून आणत, तिच्यासाठी. मी त्या घेई आणि बस वळली की खिडकीतून टाकून देई. असं बारा वर्षं चाललं. मी या काळात साहेबाचा मोठा साहेब झालो.

शेवटचं भेटलो ते हुडकेश्वरला, त्यांच्या खोलीत. चौकीदारी सुटली होती, डोळ्यांत मोतीबिंदू. एक खाट, एक मडकं, दुसरं माणूस नाही. मी सवयीनं सुरुवात केली, "नऊ नंबर आता जरा थकली..."

त्यांनी हात वर केला. "साहेब, मेंढी एवढे वर्सं जगत नाही. आता तिले मेली म्हना. किती दिवस तरास घेता?"



"तुम्हाला ठाऊक होतं?"

"सही केली त्याच हप्त्यात समजलं."

"मग विचारत का होता?"

"मंग कोनाचं विचारू?" ते म्हणाले. "दुसरं हाय कोन?"

तेव्हा मी सांगितलं. त्यांच्या सहीच्या दुसऱ्याच दिवशी, सकाळी. सुरी केंद्राच्या डॉक्टरांनी चालवली. पाय मी धरले होते. आतलं पोट पाहिलं, उरकुडाजी म्हणत होते तसंच होतं, चांगलं वाढलेलं. तेही मी कुठे लिहिलं नाही.

खाटेच्या सुंभावरून उरकुडाजींचं बोट हळूहळू फिरत होतं.

"तुम्ही धरली होती?"

"हो."

"मंग भेली नसन," ते म्हणाले. "वळखीचा हात होता."