मडक्यांचा विभाग

माझी नात नूपुर प्राचीन मडक्यांचा अभ्यास करायला परदेशी गेली. शिक्षण संपताच तिथल्या एका वस्तुसंग्रहालयाने तिला नोकरी देऊ केली. आड होते ते फक्त तिथले सरकार. सरकारी यादीतले विषय शिकलेल्या परदेशी विद्यार्थ्यांनीच पुढे तिथेच राहून काम करावे, बाकीच्यांनी घरी जावे, असा नियम. यादीत संगणक होता, मडके नव्हते.

"मडकी पाहाले विमानानं जावं लागते काय वं?" बेसा भागातल्या आमच्या सोसायटीच्या बाकावर शेजारच्या यमुताईंनी विचारले. "आपले कुंभार मेले काय?"

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. 'आवडेल तेच शिका', असे दर निरोप समारंभात मुलींना सांगितले. यमुताईंना म्हटले, "अहो, ती कॉम्प्युटरवर पाहते मडकी."

विद्यापीठालाही हेच सुचले. विभागाचे आणि नूपुरच्या पदवीचेही नाव 'मृद्भांड-संगणन' झाले. मडकी तीच, प्राध्यापक तेच. शेजारी एक लॅपटॉप उघडून ठेवू लागले. पाठोपाठ कवितेचा विभाग 'ध्वनितंत्रज्ञान' झाला, नृत्याचा 'यंत्रमानव-गतिशास्त्र'. तत्त्वज्ञानवाले तेवढे नाव म्हणजे काय यावर चर्चा करत राहिले. त्यांना विमानात बसवून दिले.

मग नूपुरचा अर्ज मंजूर होण्याआधीच सरकारच्या ध्यानात आले की देशात संगणकतज्ज्ञ उदंड झाले आणि भिंत बांधायला माणूस नाही. यादीतून संगणक गेला, बांधकाम आले.

नूपुरचा फोन आला. "आजी, विभागाचं नाव पुन्हा बदललं. 'मृत्तिका-बांधकाम'."

"मग परवानगी मिळेल ना?"

"मिळाली. पण काम पदवीच्या विषयातलंच करायचं. संग्रहालयानं दुसरी मुलगी घेतली. मी विटा रचून राहिली."

"आणि मडकी?"

"रविवारी तिकीट काढून पाहून येते."

संध्याकाळी यमुताईंनी विचारलेच. मी म्हटले, "इन्फ्रास्ट्रक्चरमध्ये आहे."

दुसऱ्या दिवशी त्या घरी आल्या. आवाज एकदम मऊ. "आमच्या रितिकाले चित्रं काढाची लय हौस आहे. पण ते जाऊ द्या. नूपुरचं कॉलेज कोणतं, तेवढं सांगा."

मी सांगितले. चहाही दिला.

त्या देशाचे आणि विद्यापीठाचे नाव मी इथे लिहिलेले नाही. तुम्ही मघापासून तेच शोधत आहात, हे मला ठाऊक आहे. फोन सकाळी करा. दुपारी तेच विचारायला यमुताईंच्या ओळखीचे लोक येतात.